ब्रीदाचा आधार

संकटकाळीं मनुष्यास जे उपदेश ऐकावे लागतात त्यांतील एक सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त आहे. 'देवावर भरंवसा ठेव. तो आपल्या माणसास टाकणार नाहीं,' हा तो उपदेश. ऐकणारा श्रद्धाळू असला तर मान हालवितो, अश्रद्ध असला तर मनांतल्या मनांत हंसतो, आणि दोघेही बहुधा पुन्हां आपापल्या चिंतेकडे वळतात. उपदेश खोटा असतो म्हणून असें होतें असें नव्हे. देवानें नक्की कोणतें वचन दिलें आहे, तें कोणास दिलें आहे, आणि तें घेणाऱ्यावर कोणती जबाबदारी येऊन पडते, याचा विचार सांगणाराही करीत नाहीं आणि ऐकणाराही करीत नाहीं, म्हणून असें होतें. न वाचलेल्या दस्तऐवजाच्या भरंवशावर कोणी घर बांधीत नाहीं. परंतु न समजलेल्या वचनाच्या भरंवशावर मात्र लोक आयुष्य काढूं पाहतात, आणि पुढें तें कोसळलें म्हणजे देवास दोष देतात. तेव्हां निराशेच्या काळीं ईश्वराच्या वचनांपासून मनुष्यास खरोखर धीर मिळूं शकतो काय, आणि मिळत असेल तर तो कोणत्या रीतीनें, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

असा विचार आकाशांत तरंगत न करतां एकाद्या ठिकाणच्या मातीवर उभें राहून करावा हें बरें. आम्ही त्यासाठीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथून निघून चाकणापर्यंत पसरलेला पुण्याजवळचा टापू निवडतों. १९५४ सालीं पिंपरीस सरकारी प्रतिजैविकांचा कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्राचें औद्योगिक विकास महामंडळ निघालें. आणि पुढील कांहीं दशकांत ज्वारी-बाजरीच्या शेतांच्या जागीं यंत्रशाळांचीं लांबलचक छपरें दिसूं लागलीं. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या खानेसुमारींत तिच्या हद्दींतील वस्ती १७ लक्षांवर गेली. पुढें कारखान्यांचा हा लोंढा चाकणच्या माळावर पोंचला.

हा टापू आम्हीं निवडला याचें कारण असें कीं, येथील जीवन वचनांवर चालतें. मराठवाड्यांतून, खानदेशांतून, विदर्भांतून, तसेंच उत्तर प्रदेश व बिहारमधून येथें आलेल्या तरुणाच्या मनांत एक शब्द सदैव घोळत असतो. तो शब्द म्हणजे 'कायम'. कांहीं महिन्यांचा करार, मग खंड, मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या नांवावर नवा करार, अशा रीतीनें कित्येकांचीं वर्षें जातात, आणि 'पुढल्या वर्षीं कायम करूं' या एका वाक्यावर खोलीचें भाडें, बहिणीचें लग्न आणि गांवाकडील कर्ज यांचे बेत उभे राहतात. वचन देणारे सगळेच लबाड असतात असें आमचें म्हणणें नाहीं. बाजार फिरतो, मागणी आटते, दूर देशींच्या कचेरींत एक निर्णय होतो, आणि ज्यानें प्रामाणिकपणें शब्द दिला त्याच्याच हातीं कांहीं राहत नाहीं. आकुर्डीचा दुचाकींचा नामांकित कारखाना २००७ सालीं उत्पादन थांबवून शांत झाला. जवळच तळेगांवास २००८ सालीं सुरू झालेला मोटारींचा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत सर्व देश कुलुपबंद झाला, तेव्हां ज्यांस उद्यांच्या रोजाची खात्री नव्हती असे हजारों लोक याच रस्त्यांवरून डोक्यावर बोचकें घेऊन आपल्या गांवाकडे निघाले. मनुष्याचें वचन त्याच्या हातीं नसलेल्या शेंकडों गोष्टींवर अवलंबून असतें, हा धडा या टापूनें पुनःपुन्हां गिरविला आहे.

आणि ज्या मातीवर हा धडा गिरविला जातो त्याच मातीवर, पवनेच्या कांठीं मोरया गोसावींचें चिंचवड, इंद्रायणीच्या कांठीं तुकोबांचें देहू आणि ज्ञानदेवांची आळंदी, अशीं तीन क्षेत्रें आहेत. मनुष्यानें देवाशीं वचनाचा व्यवहार केला त्याच्या इतक्या ठळक खुणा इतक्या लहानशा प्रदेशांत एकत्र सांपडणें विरळा. म्हणून आमचा प्रश्न येथेंच विचारला जावा हें उचित होय.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भाकीत निराळें आणि वचन निराळें. 'उद्यां पाऊस पडेल' हें भाकीत आहे. पाऊस न पडला तर तें खोटें ठरलें, विषय संपला. 'मी तुला सोडणार नाहीं' हें वचन आहे. भाकीत घटनेविषयीं असतें, वचन संबंधाविषयीं असतें. आई आजारी मुलास 'मी तुझ्यापाशीं आहें' असें म्हणते तेव्हां ती ताप केव्हां उतरेल हें सांगत नसते. तरी मुलाला जो धीर येतो तो वैद्याच्या तापमापकानें येत नाहीं. आतां आमच्या धर्मग्रंथांतील देवाचीं वचनें नीट तपासून पाहावीं. गीतेच्या नवव्या अध्यायांत भगवंतानें अनन्यभावानें उपासना करणाऱ्यांचा योगक्षेम वाहण्याचें पत्करलें आहे, आणि आपल्या भक्ताचा नाश होत नाहीं असें अर्जुनास खुशाल जाहीर करावयास सांगितलें आहे. चौथ्या अध्यायांत धर्माला ग्लानि येईल तेव्हां अवतरण्याचें आश्वासन आहे. या वचनांत तिथि नाहीं, वार नाहीं, रकमेचा आंकडा नाहीं. लोक मात्र तीं भाकितें समजून वाचतात, आणि महिनाअखेरीस पगार झाला नाहीं म्हणजे गीता खोटी पडली असें मानतात.

या वचनांचा पहिला अधिकारी कोण होता व त्याचें पुढें काय झालें, हें आठवलें तरी हा गैरसमज दूर व्हावा. तीं वचनें अर्जुनानें युद्धारंभीं ऐकलीं. देणारा स्वतः त्याच्या रथावर घोड्यांचे लगाम धरून बसला होता. तरी युद्धाच्या तेराव्या दिवशीं अर्जुनाचा अभिमन्यु चक्रव्यूहांत एकटा सांपडून मारला गेला. योगक्षेमाच्या वचनाचा अर्थ 'तुझ्या घरीं दुःख येणार नाहीं' असा असता, तर तें वचन दोन आठवडेही टिकलें नाहीं असें म्हणावें लागेल. महाभारतकारांनीं ही गोष्ट लपविली नाहीं. वचन आणि पुत्रशोक दोन्ही त्यांनीं एकाच ग्रंथांत ठेवलीं, यावरून त्या वचनाचा अर्थ त्यांना निराळा अभिप्रेत होता हें उघड आहे.

तो निराळा अर्थ आमच्या संतांनीं एका शब्दांत पकडला आहे, आणि तो शब्द म्हणजे 'ब्रीद'. संस्कृतांतील 'बिरुद' याचें हें मराठी रूप. बिरुद म्हणजे केवळ पदवी नव्हे. चारचौघांत मिरविलेली प्रतिज्ञा. पूर्वीं पराक्रमाची वा विद्येची प्रतिज्ञा करणारा पायांत तोडर घालीत असे, आणि त्याचा अर्थ, 'ज्याला माझी परीक्षा पाहावयाची असेल त्यानें पाहावी,' असा होई. संतांनीं देवाच्या पायांत हा ब्रीदाचा तोडर पाहिला. पतितपावन, दीनानाथ, अनाथबंधु हीं देवाचीं नांवें त्यांस स्तुतीचीं विशेषणें वाटलीं नाहींत. तीं त्यांस देवानें स्वतःवर लिहून घेतलेलीं कर्जखतें वाटलीं. म्हणून त्यांच्या वाणींत विनवणी आहे तशी फिर्यादही आहे. धनको ऋणकोच्या दारीं धरणें धरून बसतो, तगादा लावतो, चारचौघांत त्याची अब्रू काढतो. नेमकी हीच भाषा ते देवाशीं बोलतात. भिक्षेकऱ्यानें मागावें आणि हक्कदारानें मागावें यांत जें अंतर आहे तें येथें दिसून येतें. भिक्षा न मिळाली म्हणजे भिकारी पुढच्या दारीं जातो. हक्कदार मात्र तेथेंच बसतो. निराशा म्हणजे दारावरून उठून जाणें. वचनाचें पहिलें देणें हें कीं, तें मनुष्यास दारांत बसून राहण्याचा अधिकार देतें.

पण हा अधिकार पोट भरतो काय? येथें आम्हांस देहूस गेलेंच पाहिजे. तुकोबांचें घर खातेंपितें. वाण्याचा व्यवसाय, महाजनकी, शेती, आणि विठ्ठलाची पिढीजात उपासना. १६३० पासून दोन वर्षें दख्खनेंत व गुजराथेंत असा दुष्काळ पडला कीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं. त्या काळांत तुकोबांचा व्यापार बुडाला, दिवाळें निघालें, पहिली पत्नी भुकेनें तडफडून वारली, मुलगा गेला. ही हकीकत कोणा विरोधकानें रचलेली नाहीं. आपल्या घरांतील भूकबळीची गोष्ट तुकोबांनीं स्वतःच आपल्या अभंगांत सांगितली आहे. आतां संशयवादी मनुष्य विचारील कीं, ज्या घरांत पिढ्यानुपिढ्या वारी चालत होती त्या घराचा योगक्षेम त्या वर्षीं कोणीं वाहिला? हा प्रश्न उद्धट नाहीं, खरा आहे. आणि त्याचें उत्तर देतांना जो मनुष्य घाईनें पूर्वकर्माचा किंवा देवाच्या परीक्षेचा दाखला काढतो त्याच्या श्रद्धेपेक्षां आम्हांस या प्रश्नाविषयीं अधिक आदर वाटतो. वचनाचा अर्थ भाकरी असा असेल तर देहूस तें वचन मोडलें, हें सरळ कबूल केलें पाहिजे.

परंतु पुढें काय झालें तेंही पाहिलें पाहिजे. दुष्काळ मनुष्याचें अन्न नेतो. पण त्याहून मोठी लूट करावयाची तर तो त्याचें मन नेतो. ज्यानें एकदां उपास काढला तो पुढें मूठ आवळून धरतो, दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतो, आपलें येणें कवडीकवडीनें वसूल करतो. आणि त्याला कोणी दोषही देत नाहीं. तुकोबांची वही या वेळीं रिकामी नव्हती. लोकांकडील येण्याचीं खतें घरांत होतीं. परंपरा सांगते कीं त्यांनीं धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा हिस्सा त्याच्या हवालीं केला आणि आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं. ज्याच्या घरांत माणूस भुकेनें मेलें त्यानें भुकेल्या गांवाचें कर्ज माफ केलें. भक्ताचा नाश होत नाहीं या वचनाचा अर्थ आम्हांस या ठिकाणीं लागतो. ज्या गीतेंत तें वचन आहे तिच्याच दुसऱ्या अध्यायांत देह हा टाकून देण्याच्या वस्त्रासारखा सांगितला आहे. तेव्हां न नासणारी वस्तु देह नव्हे, संसार नव्हे, दुकान नव्हे. दुष्काळ तुकोबांच्या घरांत शिरला, पण तुकोबा दुष्काळासारखे झाले नाहींत. जें आपल्यावर गुदरलें तेंच आपण होऊन बसणें, हा खरा नाश. आणि त्यापासून ते वांचले. ज्यानें माणसांना त्यांच्या वचनांतून मोकळें केलें तोच पुढें देवाला त्याच्या वचनांत बांधूं शकला, हा योगायोग आम्ही मानीत नाहीं.

ती वेळ पुढें आलीच. रामेश्वरभटांच्या आक्षेपावरून अभंगांच्या वह्या त्याच इंद्रायणींत बुडवाव्या लागल्या. जेथें खतें बुडविलीं तेथेंच अभंग बुडाले, आणि तुकोबा कांठच्या शिळेवर अन्नपाणी सोडून तेरा दिवस बसले. हें धरणेंच होतें. ऋणको कोण, हें त्यांस ठाऊक होतें. ती शिळा आज देहूच्या मंदिरांत पूजेस आहे, आणि २०२२ सालीं तिच्यासाठीं नवें शिळामंदिर झालें. भाविक म्हणतात, वह्या कोरड्या वर आल्या. चिकित्सक म्हणतात, लोकांस अभंग मुखोद्गत होते, त्यांच्याच तोंडून ते पुन्हां लिहिले गेले. या वादांत आम्ही पडत नाहीं, कारण आमच्या मुद्यास दोन्ही पक्ष सारखेच उपकारक आहेत. दुसरा पक्ष खरा मानला तरी वचन पाळलें गेलें. फक्त तें शेतकऱ्यांच्या, वाण्या-उदम्यांच्या आणि बायाबापड्यांच्या कंठानें पाळलें गेलें. ज्या रामेश्वरभटांनीं वह्या बुडविण्यास लावल्या तेच पुढें तुकोबांचे शिष्य झाले, हें तर दोन्ही पक्षांस मान्य आहे. आणि कोरड्या वहीपेक्षां वितळलेला विरोधक हा आम्हांस मोठा चमत्कार वाटतो.

वचनामुळें मनुष्य आळशी होतो, हा दुसरा आक्षेप. देव वाहील असें म्हटलें कीं हातपाय हालविण्याचें कारण उरत नाहीं, असें कित्येक सुधारक म्हणत आले आहेत, आणि आमच्या देशांत या म्हणण्यास आधारही पुष्कळ सांपडेल. याचें उत्तर चिंचवडास आहे. मोरया गोसावी नेमानें मोरगांवच्या मोरेश्वराच्या दर्शनास जात. वाट दूरची. वृद्धपणीं ती झेपेना, तेव्हां 'आतां तूं येऊं नकोस, मीच तुझ्याकडे येतों' असें देवानें सांगितलें, आणि कऱ्हेच्या पात्रांत स्नान करतांना मूर्ति त्यांच्या हातीं आली, अशी कथा आहे. ती मूर्ति चिंचवडास आली. आतां व्यवहारी मनुष्य म्हणेल कीं देव घरीं आला, वाट संपली. परंतु तसें झालें नाहीं. भाद्रपदांत व माघांत चिंचवडाहून पालखी आजही मोरगांवास जाते. देवानें येण्याचें वचन पाळलें म्हणून भक्तानें जाणें सोडलें नाहीं. वचन चालण्याच्या ऐवजीं नसतें, तें चालणाऱ्यासाठीं असतें. हें तत्त्व कोणत्याही भाष्यापेक्षां या पालखीनें अधिक स्पष्ट केलें आहे.

देहूच्या पालखीनेंही तें अलीकडेच पुन्हां सिद्ध केलें. ही पालखी दरवर्षीं आकुर्डीस मुक्काम करून कारखान्यांच्या दारांवरून पुण्यास जाते. २०२० च्या आषाढांत रोगाच्या भयानें पायीं वारी झाली नाहीं; दशमीस, ३० जून रोजीं, देहू व आळंदीच्या पादुका मोजक्या माणसांसह एस. टी.च्या बसमधून पंढरपुरास गेल्या. पुढल्या वर्षींही बसच निघाली. त्या दोन वर्षांत घराच्या उंबऱ्यावरून नमस्कार करणाऱ्या वारकऱ्याचा धीर सुटला नाहीं, कारण त्याचें दैवतच मुळीं वाट पाहणारें आहे. पुंडलिकासाठीं जो विटेवर तिष्ठत राहिला त्याच्या भक्तानें दोन आषाढ थांबण्यास कां लाजावें? २०२२ सालीं वाट पुन्हां पायांनीं भरली. 'पुन्हां भेटूं' या वचनावर लाखों माणसें दोन वर्षें शांत राहिलीं, आणि वाट मोकळी होतांच चालूं लागलीं. याला आळस म्हणावयाचें असेल तर उद्योगाची व्याख्या बदलावी लागेल.

हें सर्व विठ्ठलाच्या वा मोरेश्वराच्याच भक्तांस लागू आहे असेंही नव्हे. पुणें जिल्ह्यांतच केडगांव येथें पंडिता रमाबाईंचें मुक्ति सदन आहे. रमाबाईंचे आईबाप, अनंतशास्त्री डोंगरे व लक्ष्मीबाई, एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांतील दुष्काळांत देवदर्शनें करीत, पुराणें सांगत फिरतां फिरतां उपासमारीनें गेले. पुढें १८८३ सालीं रमाबाईंनीं इंग्लंडांत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या गोष्टीची चर्चा आमच्या विषयाबाहेरची आहे. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हां ज्या मुलीनें उपासमारीनें आईबाप गमावले होते ती मध्यप्रांतांत जाऊन उपाशी मुली गोळा करून घेऊन आली. बायबलांतील देवाच्या वचनांवर त्यांचा अक्षरशः विसांवा होता. तरी त्या वचनांच्या भरंवशावर त्यांनीं विहिरी खणविल्या, शेती केली, छापखाना घातला. धर्म निराळा, दैवताचें नांव निराळें. परंतु वचनाची खूण तीच. वचन खरें धरलें म्हणजे हात मोकळे होतात, बांधले जात नाहींत. आणि ज्या दारानें आपल्या घरांत दुःख आलें त्याच दारानें दुसऱ्याच्या दुःखाकडे जाण्याची वाट उघडते.

येथपर्यंत आलेल्या वाचकांनीं एक मर्यादा मात्र ध्यानांत ठेवावी. कारण ती न पाळल्यामुळेंच हा उपदेश इतका स्वस्त झाला आहे. देवाचें वचन मनुष्यानें स्वतःच्या भुकेवर म्हणावें, शेजाऱ्याच्या भुकेवर म्हणूं नये. तुकोबांनीं आपल्या दुःखाविषयीं 'बरें झालें' असें म्हणण्याचा अधिकार स्वतःच्या घरीं मिळविला होता. तोच शब्द दुसऱ्याच्या अंगणांत उभें राहून उच्चारणें ही क्रूरता होय. ज्याची नोकरी सुटली त्याला कामावर ठेवणारानेंच 'देव कांहीं तरी दार उघडील' म्हणावें, ज्याचें भाडें थकलें त्याला घरमालकानें योगक्षेमाचा अध्याय वाचून दाखवावा, हा वचनाचा उपयोग नव्हे, दुरुपयोग आहे. आपल्या हातीं असलेलें दार उघडण्याऐवजीं देवाच्या दाराकडे बोट दाखविणारा मनुष्य देवाचें ब्रीद राखीत नाहीं, तो स्वतःचें देणें देवाच्या नांवावर वळतें करतो. शेजाऱ्यास धीर द्यावयाचा असेल तर त्याच्या घरीं धान्याची पिशवी घेऊन जावें, त्याच्याबरोबर कचेरीच्या बांकावर बसावें, त्याच्या मुलाची फी भरावी, आणि देवाचें नांव त्यास पुढें घ्यावेंसें वाटलें तर त्यास घेऊं द्यावें.

याच न्यायानें आमच्या समाजासही एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या इंद्रायणीनें अभंग राखले असें आम्ही अभिमानानें सांगतों, तिच्या पाण्यावर आळंदीस गेल्या कांहीं वर्षांत पांढरा फेंस वारंवार तरंगतांना दिसला आहे. कारखान्यांचें आणि वाढत्या शहरांचें न शुद्ध केलेलें पाणी तिच्यांत येतें, आणि दूरदूरचे वारकरी त्याच फेंसांत उभे राहून तीर्थ म्हणून ओंजळ उचलतात. नदीनें आपलें वचन पाळलें. नदीस दिलेलें आमचें वचन आम्हीं पाळलें नाहीं. देवाच्या दारीं धरणें धरून बसणाऱ्यानें आपल्या दारीं कोण धरणें धरून बसलें आहे हें एकदां वळून पाहावें. आपलीं देणीं बुडविणाऱ्याच्या तगाद्यास जोर राहत नाहीं.

आतां शेवटचा आक्षेप. कोणी म्हणेल, अखेर अभंग लोकांनीं राखले, मुली रमाबाईंनीं आणल्या, धान्याची पिशवी शेजाऱ्यानें न्यावयाची. मग देवाचें वचन मध्यें कशास हवें? माणुसकीनें काम भागत नाहीं काय? पुष्कळांचें भागतें, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. देवाचें नांव न घेतां दुसऱ्यासाठीं झिजणारीं माणसें या टापूंतल्या कामगारसंघांत व वस्त्यावस्त्यांत आहेत, आणि त्यांची योग्यता ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु प्रश्न निराशेचा आहे. निराश मनुष्याची खरी अडचण त्याच्याजवळ उपाय नसतो ही नव्हे. उपाय कित्येकदां असतो. आपलें गाऱ्हाणें ऐकण्यास कोणीच नाहीं, असें त्यास वाटूं लागतें, ही खरी अडचण. कंत्राटदार मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कचेरीकडे, कचेरी बाजाराकडे, आणि बाजारास तर तोंडच नसतें. अशा वेळीं ज्याला देवाचें ब्रीद ठाऊक आहे त्याच्या तक्रारीस एक पत्ता असतो. तो रागावूं शकतो, भांडूं शकतो, रात्रीं एकटा बसून हिशेब मागूं शकतो. आणि जो हिशेब मागतो तो अजून संबंध तोडून उठला नाहीं. शिवाय, ज्याचा विश्वास केवळ आपल्या आंकडेमोडीवर आहे तो तोटा दिसतांच थांबतो, आणि त्याचें थांबणें शहाणपणाचेंही असतें. वचनावर ज्याचा विश्वास आहे त्यास फळ दिसण्यापूर्वीं आरंभ करतां येतो. दुष्काळ सरण्यापूर्वीं खतें बुडवितां येतात. असें धाडस केवळ हिशेबांतून निपजत नाहीं.

तेव्हां आमच्या विचाराचें सार इतकेंच. देवाच्या वचनांत संकट टळण्याची हमी शोधूं नये. ती तेथें नाहीं. त्यांत तीन गोष्टी आहेत. तक्रार करण्याचा हक्क आहे, संकटासारखें न होण्याचें बळ आहे, आणि ज्या ब्रीदाचा आपण आधार घेतला तें दुसऱ्याच्या बाबतींत आपल्या हातांनीं राखण्याचें कर्तव्य आहे. यांपैकीं पहिली घेऊन तिसरी टाकतां येत नाहीं; आणि तिसरी पत्करल्यावांचून दुसरी हातीं येत नाहीं, असा संतांच्या चरित्रांचा निर्वाळा आहे.

चाकणच्या पश्चिमेस भामचंद्राचा डोंगर आहे. तेथील एकांतांत तुकोबा चिंतनास बसत, असें परंपरा सांगते. आज त्या डोंगराच्या पायथ्याशीं, भांबोली-वासुलीच्या शिवारांत, कारखान्यांचीं छपरें आहेत आणि तिसऱ्या पाळीचे दिवे रात्रभर जळत असतात. त्या दिव्यांखालीं काम करणाऱ्या कित्येकांचा करार येत्या कांहीं महिन्यांत संपावयाचा असेल, आणि तो पुढें चालेल कीं नाहीं हें त्यांस कोणीं सांगितलेलें नसेल. डोंगरावरील गुहा त्यांच्या नोकरीची हमी देऊं शकत नाहीं, आणि ती देते असें जो सांगेल त्यानें त्यांची फसवणूक केली असें आम्ही समजूं. परंतु याच पंचक्रोशींत दिवाळें निघालेला, घरचीं माणसें गमावलेला एक वाणी होऊन गेला. त्यानें देवाकडील आपलें येणें शेवटपर्यंत सोडलें नाहीं आणि लोकांकडील आपलें येणें मात्र नदींत सोडून दिलें, हें त्यांस कोणीं तरी सांगावें. सांगतांना त्यांच्या शेजारीं बसावें, आणि बसण्यापूर्वीं आपल्या वहींतील एकादें खत बुडविण्याजोगें आहे काय, हें पाहून घ्यावें.